संगणक, गणित आणि मागचा बाक

आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर गुडीहत्नूर नावाचे एक गाव आहे. तेथून एक फाटा इंदरवेल्लीवरून उटनूरकडे जातो. आपल्या महाविद्यालयातील बहुतेकांनी हे नाव ऐकलेले नसेल. मला मात्र ते रोज आठवते, कारण ते माझे गाव. आज ते तेलंगणात आहे. १९५६ पर्यंत आदिलाबाद, बीदर आणि गुलबर्गा हे तिन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनीही मला अगदीच परका समजू नये.

आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात तिसरीच एखादी मिश्र बोली आणि रानाकडच्या पाड्यांत गोंडी व कोलामी. मुलगा मराठी शाळेत शिकतो, पण पुढे इंटरला गेला की एकदम तेलुगू किंवा इंग्रजी. माझेही तसेच झाले. दहावीपर्यंत गणितात पहिला येणारा मी, पुढच्या वर्षी 'लिमिट' म्हणजे काय हे विचारण्याइतकी इंग्रजी नसल्यामुळे मागच्या बाकावर जाऊन बसलो. मागचा बाक ही बसण्याची जागा खरी, पण काही दिवसांत तो स्वभाव होतो.

१९९६-९७ साली मी ज्या महाविद्यालयात बी.एस्सी. करीत होतो तेथे एक संगणक आला. त्याला स्वतंत्र खोली, पंख्याखेरीज वातानुकूलन यंत्र आणि वर निळ्या कापडाचा झगा. चपला बाहेर काढून आत जायचे. वर्षभरात आमच्या तुकडीला दोनदा आत नेले. सर टाइप करीत होते, पुढच्या रांगेतले चौघे पडद्याकडे पाहत होते आणि आम्ही बाकीचे त्या चौघांच्या माना पाहत होतो. त्या यंत्राने काय केले हे मला आजही ठाऊक नाही. गणित आणि संगणक यांच्याविषयी जे काही बरेवाईट लिहिले जाते त्यात ही मानांची गोष्ट फारशी येत नाही, म्हणून ती आधी सांगून टाकली.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. माझी पुतणी आदिलाबादला बी.एस्सी.ला आहे, बसने जाऊनयेऊन करते. तिच्या दोन मैत्रिणी दुपारच्या आल्या होत्या. एकीची घरची भाषा तेलुगू, दुसरीची गोंडी. तिघींत मिळून एकच चांगला मोबाईल. त्यावर पायथॉन ही संगणकाची भाषा चालवता येते, त्यासाठी पैसे पडत नाहीत, हे त्यांना वर्गातून कळले होते. पण त्यात करायचे काय हे कळले नव्हते. महाविद्यालयात त्यांच्याकडून दोन संख्यांची बेरीज, मूळ संख्या ओळखणे, मॅट्रिक्सचा गुणाकार असे दहा प्रोग्रॅम वहीत उतरवून घेतले होते. उतरवून हा शब्द मी विचार करून वापरतो. वही तपासली जाते, त्यावर गुण मिळतात, विषय संपतो.

मी त्यांना एक संख्या विचारली : चार अंकी कोणतीही, फक्त चारही अंक सारखे नकोत. गोंडी बोलणारी म्हणाली, "३५२४." मग अंक उतरत्या क्रमाने मांडा, ५४३२, चढत्या क्रमाने मांडा, २३४५, वजाबाकी करा, ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणखी एकदा : ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. येथे गाडी थांबते. दुसरी संख्या घ्या, तिसरी घ्या. फार तर सात वजाबाक्यांत त्याच स्थानकावर येते.

ही संख्या सापडली ती आपल्याच माणसाला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते. विद्यापीठाची खुर्ची नाही, संशोधनाची पदवी नाही. शाळा सुटल्यावर वही आणि पेन्सिल. ६१७४ चा शोध १९४९ च्या सुमाराचा. त्यावरचा त्यांचा लेख १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात आला. आपल्याकडच्या अनेक विद्वानांना हे संख्यांचे खेळ पोरकट वाटत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते वारले.

कापरेकरांना मी या लेखात मुद्दाम आणतो आहे. जे साधन आज तिघी मुली एका फोनवर चालवतात ते त्यांच्याजवळ नव्हते. पण ज्याच्यासाठी ते साधन वापरावे ती सवय त्यांच्याजवळ होती. प्रयोग करायचा, नोंद ठेवायची, नमुना दिसला की संशय घ्यायचा. आपल्या वर्गात नेमके उलटे झाले आहे. साधन आले आहे, सवय आलेली नाही.

पुतणीला मी म्हटले, "एक एक संख्या कुठवर घेत बसणार? १००० पासून ९९९९ पर्यंत सगळ्या तपास की."

कृती आधी मराठीत लिहिली. अंक सुटे कर. उतरते मांड. चढते मांड. वजा कर. मागचेच उत्तर आले तर थांब, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. पायथॉनमध्ये याच्या जेमतेम आठदहा ओळी होतात, आणि त्यात इंग्रजी शब्द लागतात ते इफ, व्हाइल, प्रिंट असे मोजके. संगणकाच्या भाषेत इंग्रजीची भीती बाळगणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की एवढे शब्द आमच्या गावच्या बसचा वाहकही रोज वापरतो. अडते ते समजावून सांगणारी भाषा इंग्रजी असते म्हणून.

प्रोग्रॅम चालला आणि उत्तराने आम्हा सर्वांना चकित केले. ९००० संख्यांपैकी ७७ संख्या ६१७४ वर न येता शून्यावर जातात असे तो म्हणाला. ११११, २२२२ अशा नऊ संख्या शून्यावर जाणारच, त्या आम्ही आधीच वगळायला हव्या होत्या. पण उरलेल्या ६८ कुठून आल्या?

"काका, कापरेकरांचं चुकलं का?" पुतणीने विचारले.

हा प्रश्न मला फार आवडला. प्राध्यापकाचे, पुस्तकाचे किंवा प्रसिद्ध माणसाचे चुकले असेल का, असे विचारण्याची मुभा आमच्या पिढीला वर्गात नव्हती. मी काही बोललो नाही. त्यांनी त्या ६८ संख्यांची यादी पडद्यावर काढली : १०००, १०११, ११०१, १११०, १११२, ११२१... मैत्रिणीने २१११ ही संख्या कागदावर करून पाहिली : २१११ वजा १११२ बरोबर ९९९. आणि ती एकदम म्हणाली, "अगं, कागदावर मी ०९९९ लिहिते. फोन ९९९ लिहितो!"

तेच होते. माणूस कागदावर चार घरे धरून चालतो आणि रिकाम्या घरात न सांगता शून्य टाकतो. यंत्राला ९९९ ही तीन अंकी संख्या; तिचे अंक उलटसुलट मांडून वजा केले की शून्य. चार घरे पाळायला सांगणारी एक ओळ वाढवली, आणि त्या ६८ संख्या मुकाट्याने ६१७४ वर आल्या. ०९९९ घेतले की ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, आणि पुढे वाट मोकळी. आता ९००० पैकी ८९९१ संख्या ६१७४ वर, नऊ शून्यावर. कापरेकर सुटले.

अर्ध्या तासात या मुलींनी जे केले ते पदवीच्या तीन वर्षांत आपण क्वचित करू देतो. त्यांनी एक विधान तपासले, त्यात खोट दिसली, खोट विधानात की साधनात हे शोधले आणि 'चार अंकी संख्या' म्हणजे नेमके काय, ही व्याख्या स्वतःच्या गरजेतून घट्ट केली. व्याख्या अशी जन्माला येते. पुस्तकात ती पहिल्या पानावर असते, म्हणून ती प्रथम सुचली असावी असा विद्यार्थ्यांचा समज होतो.

पण येथे थांबले तर गणित झाले नाही, फक्त मोजणी झाली. नऊ हजार संख्या यंत्राने तपासल्या, ठीक. परंतु असे का होते?

अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ असे धरा. मोठी संख्या १०००क + १००ख + १०ग + घ. लहान संख्या १०००घ + १००ग + १०ख + क. वजाबाकी केली की राहते ९९९(क − घ) + ९०(ख − ग). म्हणजे चार अंक कोणतेही असोत, वजाबाकीला फक्त दोन गोष्टींशी कर्तव्य आहे : बाहेरच्या दोन अंकांतले अंतर आणि आतल्या दोन अंकांतले अंतर. पहिले अंतर १ ते ९, आणि दुसरे शून्यापासून पहिल्याइतके. अशा जोड्या किती? पहिले अंतर १ असताना दोन, २ असताना तीन, असे ९ असताना दहा, बेरीज ५४. नऊ हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ संख्यांवर गोळा होतात! पुढचे काम यंत्राशिवाय, वहीच्या दोन पानांवर, जेवणाआधी होते. ३५२४ साठी अंतरे ३ आणि १, म्हणून २९९७ + ९० = ३०८७. ६१७४ साठी अंतरे ६ आणि २; ५९९४ + १८० = ६१७४, आपले आपल्यालाच.

यंत्राने शंका काढली आणि बीजगणिताने ती मिटवली. या दोन कामांची अदलाबदल होत नाही. १९७६ साली अॅपेल आणि हाकेन यांनी चार रंगांचा सिद्धांत संगणकाच्या मदतीने सिद्ध केला, तेव्हा याला सिद्धता म्हणावे का यावर गणितज्ञांत मोठा वाद झाला. तो वाद मोठ्यांचा. आपल्या वर्गापुरते एवढे पुरे, की यंत्र 'होय' म्हणाले तरी आपण 'का' विचारायचेच.

आणि यंत्र चक्क फसवतेही. १ + १/२ + १/३ + १/४ अशी बेरीज करीत जा. दहा लाख पदांनंतर उत्तर १४.३९ च्या आसपास येते आणि पुढे ते मुंगीच्या पावलाने सरकते. पडद्याकडे पाहणारा कोणीही शपथेवर सांगेल की ही बेरीज कुठेतरी थांबणार. ती थांबत नाही. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त. १/५ ते १/८ मिळून अर्ध्याहून जास्त. पुढची आठ पदे मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. अर्धे अर्धे कितीही वेळा मिळवता येते, तेव्हा बेरीज कोणतीही हद्द ओलांडते. मात्र १०० ओलांडायला इतकी पदे लागतात, की ती संख्या लिहायला ४४ अंक हवेत. कोणताही संगणक तेथवर पोहोचणार नाही. हे उदाहरण मी प्रत्येक तुकडीला देतो, आधी यंत्रावर, मग फळ्यावर. या क्रमाने दिले तर सिद्धतेची गरज मुलांना पटते; उलट क्रमाने दिले तर सिद्धता पाठ होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. संगणकामुळे गणिताचे शिक्षण अधिक न्याय्य होते का? माझे उत्तर : आपोआप होत नाही, आणि निष्काळजीपणे आणला तर तो जुनी विषमता दुप्पट करतो. शिकवणीला जाणारा मुलगा प्रोग्रॅम घरून करून आणतो. घरी भाकरी थापून बसला येणारी मुलगी प्रयोगशाळेतच पहिल्यांदा कळफलक पाहते. दोघांना एका यंत्रावर बसवले तर हात कोणाचा चालतो हे तासाच्या पाचव्या मिनिटाला कळते. मी माझ्या प्रयोगशाळेत दोन वर्षे मुकाट्याने पाहिले : जोडीत मुलगा असला तर कळफलक त्याच्याकडे आणि वही मुलीकडे. वहीतले अक्षर सुंदर असायचे. त्यानंतर मी एक साधा नियम केला : ज्याला प्रोग्रॅम येतो त्याने कळफलकाला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचे. पहिले काही दिवस कुरकुर झाली. पण तोंडाने सांगणे हे करण्यापेक्षा अवघड असते, हे हुशार मुलांच्याही लक्षात आले. आणि ज्यांना येत नव्हते त्यांच्या बोटांना कामे मिळाली.

दुसरी अडचण पैशाची, ती आता बरीच सुटली आहे. विकतची गणिती सॉफ्टवेअरे छोट्या महाविद्यालयाला परवडत नाहीत, आणि चोरून वापरायला शिकवणे हेही शिक्षणच ठरते, याचा विसर पडू नये. मोफत व खुली साधने भरपूर आहेत. मॅक्सिमाचा वंश १९६८ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) या प्रकल्पापर्यंत जातो, सायलॅब फ्रान्सचे, सेज हे विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सर्वांसाठी खुले केले. पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. गणिताच्या प्रात्यक्षिकांत मॅक्सिमा आणि पायथॉन अलीकडे आलेही आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये 'फॉसी' नावाचा प्रकल्प खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रसारासाठी चालतो. त्याची एक योजना मला विशेष वाटते : नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांनी सायलॅबमध्ये करून द्यायची, ती तपासून सर्वांसाठी ठेवली जातात आणि करणाऱ्याला मानधन मिळते. देशभरच्या साध्यासुध्या महाविद्यालयांतील मुलांनी हे काम केले आहे.

तिसरी अडचण भाषेची. येथे त्याच संस्थेतून प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमाचा उल्लेख केला पाहिजे. साधारण दहा मिनिटांचा पाठ. पडद्यावरचे सर्व इंग्रजीतच राहते, कारण परीक्षेत आणि नोकरीत तेच समोर येणार. पण आवाज मराठी, कन्नड, तेलुगू अशा भाषांत. ऐकायचे, थांबवायचे, शेजारच्या खिडकीत तसेच करून पाहायचे. शिक्षक गैरहजर असला तरी चालते, पाठ उतरवून घेतला तर इंटरनेटही लागत नाही. माझ्या मते या योजनेतले खरे शहाणपण 'थांबवायचे' या क्रियापदात आहे. मागच्या बाकावरच्या मुलाला सरांना थांबवता येत नाही.

पण एवढ्यानेही निर्मिती होत नाही. सेमूर पॅपर्ट यांनी १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात तक्रार केली होती, की शाळांत संगणक मुलाला चालवतो. मुलाने संगणकाला चालवले पाहिजे. चाळीस वर्षे उलटली तरी ती तक्रार जुनी झालेली नाही. आमच्या दहा प्रोग्रॅमांच्या वह्या पाहा. ते गाईडच आहे, फक्त विजेवर चालणारे. विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न त्यात कुठेच नाही, आणि स्वतःचा प्रश्न नसेल तर यंत्र असून नसून सारखेच. म्हणून मी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत एक प्रश्न असा ठेवू लागलो : दिलेल्या प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट बदला, उत्तर काय येईल ते आधी कागदावर लिहा, मग चालवा, अंदाज चुकला तर का चुकला ते सांगा. गुण अंदाज बरोबर येण्याला नाहीत, कारणाला आहेत. सहकाऱ्यांना हे अव्यवहार्य वाटते. तपासायला वेळ जास्त लागतो हे खरेच आहे; साठ वह्या तपासणाऱ्या प्राध्यापकाला मी दोष देणार नाही. तरीही त्या एका प्रश्नातून मला आजवर जे वाचायला मिळाले ते उरलेल्या उत्तरपत्रिकेतून मिळालेले नाही.

गुडीहत्नूरच्या त्या दुपारीही खरी गंमत पुढेच झाली. तेलुगू बोलणारी मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "पाच अंकी घेतली तर?" फोन पुन्हा कामाला लागला. पाच अंकांत थांबण्याची जागाच नाही! ५३९५५ वरून ५९९९४ आणि तेथून परत ५३९५५, असा दोघांचा झोपाळा. शिवाय चौघांचे दोन फेरे : ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३. कागदावर मांडले तर मधला अंक वजाबाकीत कटून जातो, त्यामुळे येथेही जोड्या ५४ च. जोड्या तेवढ्याच, आणि शेवट मात्र निराळा. तीन अंकांत ४९५ वर गाडी थांबते. दोन अंकांत ९, ८१, ६३, २७, ४५ असा पाचांचा फेरा. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशी दोन स्थानके, आणि सातांचा एक फेरा वेगळाच.

मी विचारले, दहाच्या ऐवजी पाचाच्या पद्धतीने संख्या लिहिल्या तर? म्हणजे अंक ० ते ४, आणि प्रत्येक घर पाचाच्या पटीने वाढते. चार अंकांसाठी जोड्या १४ च उरतात. हे त्यांनी फोन बाजूला ठेवून हाताने केले. सगळ्या जोड्या ३०३२ वर येतात. ३३२० वजा ०२३३ पाचाच्या पद्धतीत ३०३२ च होते. वाचकांनी करून पाहावे, हातचा घेताना दहाची सवय फार आडवी येते.

कन्नड विभागाच्या वाचकांसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. कापरेकरांनी काही संख्यांना 'डेमलो संख्या' असे नाव दिले, कारण त्यांचा विचार त्यांना मुंबईजवळच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर सुचला. त्यांपैकी सर्वांत देखण्या म्हणजे ११, १११, ११११ अशांचे वर्ग : १२१, १२३२१, १२३४३२१. या माळेतली १२३४५६५४३२१ ही संख्या, एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा उतरणारी, इसवी सनाच्या नवव्या शतकात महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात आली आहे. महावीराचार्य राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. तेथून डोंबिवलीच्या फलाटापर्यंत यायला या संख्येला अकराशे वर्षे लागली. आता ती कोणत्याही फोनवर क्षणात निघते. १११११११११ पर्यंत नमुना टिकतो, दहा एककांना मात्र मोडतो. का मोडतो हे ज्याने हातचा घेऊन गुणाकार केला आहे त्यालाच कळते, आणि ज्याने फोनवर केला त्याला मोडल्याचे दिसते. दोन्ही हवे.

मी परत आल्यावर काही दिवसांनी पुतणीचा रात्री निरोप आला. सात अंकी संख्यांवर प्रोग्रॅम चालवला होता. एकही स्थानक नाही, फक्त आठांचा एक फेरा : ८४२९६५२ पासून निघून ७६१९७३३, ८४३९५५२, ७५०९८४३, ९५२९६४१, ८७१९७२२, ८६४९४३२, ७५१९७४३ आणि पुन्हा पहिल्यावर. खाली लिहिले होते : "काका, इथे मधला अंक कटतो, पण अंतरं तीन राहतात. आम्ही मोजले तर २१९ गट झाले. बरोबर आहे का? निम्मे मी हाताने केले, बाकीचे त्या दोघी करत आहेत. फोन सध्या तिच्याकडे आहे, इंदरवेल्लीला."

मी मोजून पाहिले. २१९ च होतात.